सरजाबाईच्या चुलीचा धूर

माझं घर दोन गोष्टींवर चाललं. लोकांचे स्टोव्ह बिघडतात ही पहिली, आणि बिघडले की लोक आधी ते घरीच दुरुस्त करून पाहतात ही दुसरी. नुसत्या पहिलीवर असतो तर जेमतेम चहा-बिडी भागली असती. पोरांची शिक्षणं झाली ती दुसरीमुळे.

लाखनीला हमरस्त्याच्या कडेला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे वर टीन, खाली मी आणि मध्ये रॉकेलचा वास. समोरून भरला ट्रक गेला की टेबलावरचे नट-बोल्ट नाचत नाचत आपापल्या जागा बदलत, पण मी डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच वायसर हाती यायचा. ही बढाई नाही. ज्यांना बढाई वाटते त्यांनी माझं दुकान पाहिलेलं नाही.

पाटीवर मी लिहून घेतलं होतं: 'येथे स्टोव्ह, कुकर, शेगडी, कंदील दुरुस्त होतील. घरी खोलून आणलेल्या वस्तूचे वेगळे पडतील.' पाटी रंगवणारा थांबला. म्हणाला, "वेगळे कायले जी?"

म्हटलं, "बापू, बिघडलेली वस्तू मी दुरुस्त करतो. घरी खोलून आणली की पहिले तिले नुसती बिघडलेली करा लागते, मंग दुरुस्त करा लागते. दोन कामं झाली ना?"

खरं पाहिलं तर या धंद्यात गुपित काही नाही. स्टोव्हच्या पोटात रॉकेल असतं. पंपानं हवा भरली की ते वर चढतं आणि केसाएवढ्या भोकातून फुसकारत बाहेर पडून पेटतं. भोक बुजलं तर पिन घाला. पंप हवा धरत नसेल तर आतला चामड्याचा वायसर सुकला आहे, त्याला गोड्या तेलाचं बोट लावा. झालं. संपली माझी विद्या. दुकान चालू असताना हे मी मेलो तरी सांगितलं नसतं. आता टीनसुद्धा विकून टाकलं, तेव्हा फुकट घ्या.

कुकरचं मात्र वेगळं. कुकरच्या झाकणावर एक बारीकसं बटण असतं. आत वाफ फार कोंडली की ते वितळतं आणि वाफेला वाट देतं. माणूस वाचावा म्हणून ते मरतं. आमच्या एका कंडक्टरसाहेबांना त्याचं हे सारखं मरणं परवडेना. त्यांनी त्या जागी लोखंडी स्क्रू पिळला आणि ड्यूटीवर निघून गेले. बायको चुलीवर कुकर ठेवून विहिरीवर गेली, हे तिचं नशीब. शिटीत डाळ अडकली, कुकरची बोलायची दुसरी वाटही बंद होती, म्हणून तो झाकणासकट बोलला. तुरीची डाळ छपराची कवेलू फोडून आकाशात गेली. शेजारची म्हातारी अंगणात धान वाळवत होती. अंगावर पिवळे थेंब पडले तशी तिनं वर पाहून हात जोडले. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कबूल. पण डाळीत मीठ कमी होतं असं ती म्हणाली, हे मला पक्कं ठाऊक आहे.

असे नमुने सांगत बसलो तर हा आख्खा दिवाळी अंक मला एकट्यालाच द्यावा लागेल. म्हणून एकच सांगतो, माझ्या मते सगळ्यात मोठा. त्यात स्टोव्ह नाही, कुकर नाही. त्यात चूल आहे.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी. ज्या गावाची असेल तिथं दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणेच पाहुणे: लेकी, जावई, साळे, मेहुणे, बोलावलेले आणि त्याहून जास्त न बोलावलेले. एकेका घरात गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, भात उतरायच्या आत दुसरा चढवावा लागतो. म्हणून मंडईच्या आधीचे आठ-पंधरा दिवस गावोगावच्या पुरुषांच्या अंगात मिस्त्री संचारतो. एरवी ज्याला स्वयंपाकखोली कोणत्या दिशेला आहे हे विचारावं लागतं, तोही हातोडा घेऊन आत शिरतो.

भाऊरावजी तर बारमाही मिस्त्री. लाखनीपासून सायकलनं तासाभरावर, तलावाच्या पाळीखाली त्यांचं गाव. मोठी धानाची शेती, गावात शब्दाला वजन आणि हाताला खाज. त्यांनी एकदा उंदीर शिरणार नाही असं फडताळ केलं होतं. फडताळ करताना जे उंदीर आत राहिले त्यांना बाहेर पडता येईना, आणि बाहेरच्यांना आत जाता येईना. म्हणजे फडताळ बोलल्याप्रमाणेच झालं होतं.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी हे भाऊरावजी दुकानात आले. डोळे गुंजेसारखे लाल.

"मिस्त्रीजी, सायकल काढा."

"काय झालं जी?"

"निर्धूर चूल केली."

"मंग? चांगलं केलं."

"धूर येऊन राह्यला."

"सयपाकखोलीत?"

त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "नाही. सपरीत."

सपरी म्हणजे आमच्याकडची घरापुढची ओसरी. पुरुषांच्या बसण्याची जागा. पाहुणा तिथं बसतो, पान तिथं लागतं, गावाचे निकाल तिथं लागतात. स्वयंपाकखोली पार मागे, मध्ये आख्खं घर. चुलीचा धूर एवढा प्रवास करून सपरीत कसा येतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी हत्यारं घेतली आणि निघालो.

निर्धूर चुलीचं तेव्हा आमच्या भागात नुकतंच वारं आलं होतं. साकोलीच्या बाजारात कोणी ती मांडून दाखवली होती. आतून सोपी आहे. पुढे लाकूड घालायचं तोंड, वर भांड्यांसाठी दोन घरं, मागे एक बोगदा आणि बोगद्याला पाइप. पाइप सरळ छपराच्या वर न्यायचा. गरम धुराला वर चढायची हौस असते. उंच पाइप मिळाला की तो आपणहून पळतो आणि मागचा धूर ओढत नेतो. पाइप हा या चुलीचा जीव आहे. बाकी सगळी माती.

चूल भाऊरावजींनी खरंच सुरेख बनवली होती. तलावाची चिकण माती, त्यात धानाचा भुसा, वरून शेणाचा हात. तो हात मात्र घरच्या बाईचा होता, ते लगेच ओळखू आलं. गडबड पाइपात होती. छपरावर कोहळ्याचा वेल पसरलेला, आणि त्यावर हे एवढाले कोहळे बसलेले. एवढाले म्हणजे एकेक कोहळा उचलायला दोन गडी, आणि दोन गड्यांना आधाराला तिसरा. मंडईच्या पाहुण्यांना तेच वाढायचे होते, तेच परत जाताना बांधून द्यायचे होते. वेल तोडून छपराला भोक पाडायची भाऊरावजींची छाती झाली नाही. मग त्यांनी काय करावं? पाइप वाकवून भिंतीतून माळ्यावर सोडला.

"माळ्यावर कायले जी?" मी विचारलं.

"बियाण्याच्या धानाची ढोली हाय ना तिथं. धुरानं कीड लागत नाही. बांबूलेही घुण लागत नाही. मी म्हणलं, एवढा चांगला धूर वाया काहून जाऊ द्यायचा?"

आता सांगा, याला मूर्ख म्हणाल का? शेतकऱ्याच्या घरात पाणी वाया जात नाही, शेण वाया जात नाही, मग धूर का जाईल? हिशेब बरोबर होता. फक्त धुराला तो कोणी समजावून सांगितला नव्हता. धूर माळ्यावर गेला, ढोलीला, म्हणजे बांबूच्या कणगीला, प्रदक्षिणा घातली, वर कवेलूंवर वेल दाट म्हणून फट सापडेना, तेव्हा मोकळी जागा शोधत शोधत पुढे सरकला आणि जिथं माळा उघडा होता तिथून थंड होऊन खाली उतरला. थेट सपरीत, बैठकीच्या सतरंजीवर.

"उद्या दादा येऊन राह्यला," भाऊरावजी म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. दादा म्हणजे तानबाजी, त्यांचे सख्खे मोठे भाऊ, पवनीकडे राहायला गेलेले. बांधावरच्या एका मोहाच्या झाडावरून दोघांची बोलचाल तुटली होती. किती वर्षं, तर त्या झाडाची फांदी वाढून बांधाजवळच्या विहिरीवर येण्याइतकी. मध्ये लग्नं झाली, मयती झाल्या, भाऊ भावाच्या दारी आला नाही. यंदा पहिल्यांदा निरोप आला होता की मंडईला येतो. "त्याले मी धुरात बसवू काय? तो म्हणन, मुद्दाम केलं. मिस्त्रीजी, आजच्या आज हा धूर बंद करा. नाही जमत तं फोडा ते चूल, आणि जुनी मांडू."

मी छिन्नी-हातोडा घेऊन स्वयंपाकखोलीत गेलो. चुलीसमोर सरजाबाई बसल्या होत्या, भाऊरावजींच्या घरधनीण. हातात उलथनं.

"मिस्त्रीजी, या चुलीले हात लावसान तं पाहा."

"बाई, मालक म्हणून राह्यले फोडा."

"मालक सपरीत बसते. चुलीपाशी मी बसतो." त्यांनी उलथनं खाली ठेवलं. "ते भिंत पाहा. कोणता रंग हाय?"

"पिवळा."

"नवी चूल मांडली तेव्हा काजळी घासून काढली. लगन होऊन आली तेव्हापासून मी ते काळीच समजत होतो जी. एवढ्या वर्षांत या खोलीत मले भिंत दिसली नाही. भाजीत तिखट किती पडलं ते नाकानं समजे, डोळ्यानं नाही. पोरं लहान होती तं म्हणत, माय कायले रडते? मी म्हणो, रडत नाही रे, रांधतो. आता चार दिसांपासून मी डोळे उघडे ठेवून रांधून राह्यली. आणि तुम्ही फोडाले आले!"

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. कडा सुजलेल्या, पापण्या विरळ झालेल्या. आमच्याकडच्या सगळ्याच बायांचे डोळे तसे, माझ्या आईचेही तसेच होते. ते वयानं होतं असं मी समजत आलो होतो. मी, ज्याचा धंदाच विस्तवाचा!

हातोडा मी पिशवीत टाकला.

पण बाहेर भाऊरावजी उभे. त्यांना काय सांगणार? खरा इलाज एकच, पाइप छपरातून वर न्यायचा. त्याला लांब पाइप हवा, तो लाखनीत नव्हता, भंडाऱ्याहून आणावा लागला असता. आणि वर कोहळे बसलेले. म्हणून मी गंभीर चेहरा केला. बोट ओलं करून हवेत धरलं. डोळे बारीक करून तलावाच्या पाळीकडे पाहिलं.

"भाऊरावजी," मी म्हटलं, "चुलीत दोष नाही. वारा उलटा हाय."

"वारा?"

"नागझिऱ्याकडून येऊन राह्यला. त्या जंगलातला वारा उद्यापर्यंत फिरते. आज पाइपाले हात लावला तं जोड ओला हाय, सारा धूर घरात कोंडन आणि पाहुणे आले की घर काळं. थांबा एक दिवस."

त्यांनीही बोट ओलं करून हवेत धरलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग मान डोलावली. "मलेही तसंच वाटून राह्यलं होतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडई. मला अगत्याचं बोलावणं होतंच. मी लवकर पोचलो. कारण वारा फिरणार नाही हे गावात फक्त मला आणि सरजाबाईंना माहीत होतं.

तानबाजी आले. उंच, हाडकुळे, हातात काठी. सपरीच्या एका टोकाला बसले. भाऊरावजी दुसऱ्या टोकाला. मध्ये सतरंजी, पानाचं ताट आणि मोहाचं झाड.

"धान कसं हाय?"

"बरं हाय."

"पाऊस?"

"पडला."

एवढं बोलणं झालं आणि संपलं. मी मनात म्हटलं, हा माणूस आता पाणी पिईल आणि उठून जाईल. तेवढ्यात मागे सरजाबाईंनी मोठा गंज चढवला आणि चुलीत लाकडं सारली. लाकडं जराशी ओलीच असावीत. माळ्याच्या तोंडातून धूर उतरला. बारीकसारीक नाही. तलावावरून थंडीतलं धुकं सरकतं तसा, सावकाश, सगळ्यांना सामावून घेत. सपरीतली माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली. कोणी तरी खोकलं. कोणी तरी पान समजून चुन्याची डबी तोंडात घातली. एक जावई दारातून आत आला आणि माणसं दिसेनात म्हणून चुकीचं घर समजून परत गेला.

धूर जरा विरळ झाला तेव्हा पाहतो तर भाऊरावजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि समोर तानबाजींच्याही.

"भाऊ," तानबाजी म्हणाले, "रडू नको गा."

"मी कुठं रडतो? तूच रडून राह्यला, दादा."

"मी मोठा हावो. मी रडलो तं चालते. तू काहून रडते?"

भाऊरावजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यात धूर गेला, आणि त्यांचा असा काही हुंदका निघाला की सपरीतली सगळी माणसं गलबलली. तानबाजी उठले, सतरंजी ओलांडली आणि भावाला धरलं. भाऊरावजी म्हणाले, "मोहाचं झाड तुले घे." तानबाजी म्हणाले, "मले नको, तुले राहू दे." "नाही, तूच घे." "नाही म्हणलं ना!" पाहता पाहता आवाज चढले. ते झाड कोणी घ्यायचं नाही यावरून दोघं पुन्हा भांडतात की काय असं वाटलं. शेवटी आतून सरजाबाई म्हणाल्या, "झाड जिथं हाय तिथं राहू द्या. मोहफुलं दोघांनी वेचा. पानं वाढली हायत, जेवाले बसा." सगळे जेवायला बसले. कोहळ्याची भाजी अशी झाली होती की मी किती वेळा घेतली ते सांगत नाही.

हात धुताना तानबाजी माझ्याजवळ आले. डोळे अजून लाल.

"मिस्त्रीजी, धूर होता ना तो?"

मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

"चुलीचा धूर मले समजत नाही काय? याच घरात जन्मलो." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "पण एवढ्या वर्षांनी रडाले बहाणा भेटला. काहून सोडू?"

पुढचं काम मी मंडईनंतर केलं. कोहळे उतरले, वेल वाळला, भंडाऱ्याहून पाइप आला. मी तो छपराच्या वर नेला, डोक्यावर टीनची टोपी घातली. धूर असा सुटला की तलावावरची बगळ्यांची रांग वाट बदलून गेली. सपरी स्वच्छ, स्वयंपाकखोली स्वच्छ. भाऊरावजी खुश. माळ्यावर जाणारं जुनं भोक बुजवायला मी माती कालवली, तेव्हा सरजाबाई हळूच म्हणाल्या, "ते नका बुजवू जी."

"काहून बाई?"

"बियाण्याले कधी मधी धूर पाह्यजेच ना. कीड लागते." चेहरा अगदी साधा. "एखादी झडप करून द्या. लागन तेव्हा उघडीन."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊरावजींना विचारलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय! धूर वाया काहून जाऊ द्यायचा?"

मी आयुष्यात खूप वस्तू बनवल्या, पण त्या झडपेसारखी दुसरी नाही. टीनची चकती, पाइपाच्या आत आडवी बसणारी, तिला बाहेर एक दांडी. दांडी मी अशी वळवली की कोणालाही ती पळी अडकवायची खुंटी वाटावी. दांडी वर असली तर धूर छपरावर. खाली ओढली तर माळ्यावर, म्हणजे कुठं ते तुम्ही ओळखलंच.

त्यानंतर त्या सपरीत एक चमत्कार होऊ लागला. पत्त्यांचा डाव रंगला आणि तिसऱ्यांदा "चहा ठेव वो" अशी हाक आत गेली की वारा फिरायचा. गावाचा तंटा दुपारपासून संध्याकाळवर गेला की वारा फिरायचा. कोणी बायकांच्या अकलेविषयी बोलायला लागला, तर वारा फिरायच्या आधी त्याचे डोळे पाणवायचे. गावातले निकाल झटपट लागू लागले. आधी आठ बैठका घेणारे पंच आता एका बैठकीत उठून जात. भाऊरावजी बोट ओलं करून हवेत धरत आणि म्हणत, "नागझिऱ्याकडून येऊन राह्यला." सगळे माना डोलावत.

बाया मात्र हुशार. मंडईला आलेल्या बाया ती खुंटी पाहून गेल्या. मग माझ्या दुकानात निरोप येऊ लागले, "बियाण्याले कीड लागून राह्यली जी." ज्यांच्याकडे बी पेरायला वावर नव्हतं, त्यांचेही निरोप आले. मी किती झडपा बसवल्या आणि कोणत्या गावात, ते सांगणार नाही. ती घरं नांदती आहेत. फक्त माझ्या स्वतःच्या घरी बसवली नाही. बायकोनं दोनदा विचारलं, मी म्हटलं आपल्याकडे बियाणं कुठं आहे? तिच्या चुलीला धुराचा पाइपसुद्धा मी सगळ्यात शेवटी लावला, तोवर तिचे डोळे धुरातच. दुसऱ्यांच्या चुली आधी, अशी सवय होती. त्याची चुटपुट आहे. पण हा अंक दिवाळीचा आहे, म्हणून ते इथंच सोडतो.

दुकान बंद करायच्या आधी एकदा त्या गावावरून जात होतो. भाऊरावजींनी हाक मारली. सपरीत तानबाजीही होते, आता ते दर महिन्याला येऊन राहत. मी बसलो. त्यांना कंडक्टरच्या कुकरची गोष्ट सांगितली. या खेपेला डाळ थेट साकोलीपर्यंत गेली. चहा आला. मग फडताळातल्या उंदरांची सांगितली. पुन्हा चहा आला. मग मी हात वर करून, ऐन रंगात येऊन आतल्या बाजूला आवाज दिला, "सरजाबाई, अजून एक होऊन जाऊ द्या!"

आत काही तरी हललं. वर माळ्याच्या तोंडाशी एक निळसर बोट दिसलं, मग हात, मग आख्खा धूर, सावकाश खाली उतरत.

भाऊरावजींनी बोट ओलं करून हवेत धरलं. "वारा फिरला वाटते," म्हणाले. तानबाजी गमछ्यात तोंड लपवून हसत होते.

मी डोळे पुसत सायकल काढली. रागावलो असेन असं तुम्हाला वाटेल. छे! रस्ताभर माझी मान ताठ होती. एवढी वर्षं झाली, रोज ओढली जात असेल, पण झडप फिरताना करकर म्हणून आवाज आला नाही.